सोमवारची नजर

४ फेब्रुवारी, रविवार

टिटवे,

चार महिने पत्र नाही म्हणून रुसली असशील तर खुशाल रूस. लिहायला बसलं की मला झोप येते, हे तुला ठाऊक आहे. आत्ताही दुपार आहे, तुझा दादा खुर्चीत घोरतोय, आणि बाहेर एवढं धुकं आहे की समोरच्या घराच्या खिडक्या तेवढ्या हवेत टांगलेल्या दिसतात, भिंती कुठे गेल्या कोण जाणे. तुझा जुना कोट अंगावर घेऊन बसलेय. तो तू विसरलीस की मुद्दाम ठेवून गेलीस? मुद्दाम ठेवला असशील तर त्याचं एक बटण आता माझ्या कोटाला आहे, आणि ते परत मिळणार नाही.

तुझं कार्ड मिळालं. छापखान्यात शाई कालवतेस, सोबतच्या पोरी चांगल्या आहेत, आमच्या टेबलाच्या गोष्टी ऐकून हसतात. हसू देत. पण सांगायचंच तर नीट सांग. तू होतीस तेव्हा नऊ, आता आठ माणसं एका लांब टेबलाशी बसतात, यात हसण्यासारखं काय आहे? रंगाच्या हौदातून कापडाची खेप निघाली की तिचा वीतभर तुकडा आमच्याकडे येतो. आम्ही तो स्पिरिटनं पुसून त्यावरचं तेलकट काढतो, मूळ नमुन्याशेजारी ठेवतो आणि एकामागून एक बोलतो. आधी थोरल्या बाई, मग बाकीचे वयानं उतरत उतरत शेवटच्या माणसापर्यंत. 'निळा' म्हटलं की तो आपला निळा. ज्या बाजूला माणसं जास्त, ते कार्डावर लिहायचं. एखादा अडून बसलाच तर कार्ड एक रात्र थांबतं, सकाळी त्यावर सही होतेच. एवढं सोपं काम. ते तू वर्षभर अवघड करून ठेवलंस.

हो, ठेवलंस. कानामागून आलीस आणि तिखट झालीस. तिसऱ्याच दिवशी म्हणालीस, "हा निळा नाहीच. हिरवा आहे." चौथ्या दिवशी तेच, महिन्यानंतर तेच, म्हणून तर टिटवी नाव पडलं. आणि वर भाषण. नमुना विटतो म्हणून दर जानेवारीत नव्या खेपेतून नवा नमुना कापायचा आणि जुना भट्टीत टाकायचा, असं करत करत दरवर्षी केसभर सरकून आपला निळा हिरव्याच्या दारात जाऊन उभा राहिलाय. आणि आम्हाला ते दिसत नाही, कारण बंद खोलीत दिवसभर स्पिरिट हुंगून आमचे डोळे मंदावलेत. "खिडक्या उघडा, नाहीतर एक दिवस आभाळाचा रंगसुद्धा कार्डावर वाचावा लागेल." हे वाक्य थोरल्या बाईंना फार लागलं होतं. खिडक्या उघडल्या की नमुन्यांवर धूळ बसते, हे त्या तीस वर्षं सांगत आल्या आहेत.

तुझ्या आईच्या ट्रंकेतला जुना तुकडा आणून तू नमुन्याशेजारी ठेवलास, तेव्हा सगळे म्हणाले, जुना आहे, विटून निळा झालाय. मीही हसले. विटून निळा! आता लिहिताना विचित्र वाटतं, पण तेव्हा पटलं होतं.

वर्ष पुरं झालं की नव्या माणसाला ठेवायचं की नाही हे टेबल ठरवतं, त्याला माझा इलाज नव्हता. आठांपैकी पाच जणांनी 'जाऊ दे' म्हटलं की माणूस जातो. नात्यातल्या माणसानं शेवटी बोलायचं असतं, म्हणजे त्याच्यावर भार पडत नाही. माझी पाळी आली तेव्हा पाच होऊन गेले होते. मी 'राहू दे' म्हटलं, हे तुला स्टेशनवर सांगितलंच आहे. पाचामुखी परमेश्वर, त्यापुढे एकट्या वहिनीचं काय चालणार?

दादा उठला. चहा मागतोय. तब्येतीला जप.

वहिनी


२६ फेब्रुवारी, सोमवार

टिटवे,

काकांचं काय चाललंय म्हणून विचारलंस. घड्याळवाले काका आहेत तसेच आहेत. तू गेल्यावर ते गप्प बसतील असं सगळ्यांना वाटलं होतं. नाही बसले. थोरल्या बाई 'निळा' म्हणतात, काका 'हिरवा' म्हणतात आणि चष्मा पुसायला घेतात. तुझ्यासारखं भाषण नाही, हातवारे नाहीत, कोणाच्या डोळ्यांना नावं ठेवणं नाही. कार्ड थांबतं. मग काका उठून सगळ्यांसाठी चहा ओततात, थोरल्या बाईंना आधी. त्यांना काढावं असं कोणाच्या मनातही येत नाही. एक तर मार्चअखेर ते निवृत्त होतायत. दुसरं, या गल्लीतल्या प्रत्येक घरात त्यांनी फुकट दुरुस्त केलेलं एक तरी घड्याळ टिकटिकतंय.

मी परवा विचारलं, "काका, रोज तेच तेच बोलून दमत नाही का हो?"

म्हणाले, "दमायला काय झालं? एकच तर शब्द आहे."

एक सांगते. कोणाला बोलू नकोस, तुझ्या त्या छापखान्यातल्या पोरींनासुद्धा नाही. काल सुट्टी होती. मी दुपारभर नदीकाठी फिरले. धुक्यात पाणी कुठे संपतं आणि काठ कुठे सुरू होतो ते समजत नव्हतं, आपण चालतोय की काठच मागे जातोय तेही समजेना, आणि बरं वाटत होतं. आज सकाळी टेबलावर पहिला तुकडा आला, मी पाहिलं, आणि तो हिरवा होता. पाल्यासारखा. मग थोरल्या बाई म्हणाल्या निळा, काका नेहमीसारखे हिरवा, पण जुळ्या बहिणींतली पहिली म्हणाली निळा, दुसरी म्हणाली निळा, शिंपीणबाई म्हणाल्या निळा. माझ्यापर्यंत येईतो तो निळा झाला होता. डोळ्यांदेखत. मीही म्हटलं निळा, आणि ते खोटं नव्हतं.

दुपारी तू शिकवलेला खेळ खेळून बघितला. तुकड्याकडे टक लावून वीस आकडे मोजायचे, मग पांढऱ्या भिंतीकडे बघायचं. निळ्याची सावली नारिंगी पडते, हिरव्याची गुलाबी, तोंड खोटं बोलेल पण भिंत बोलणार नाही, असं तू म्हणायचीस. भिंतीवर काय उमटलं ते लिहीत नाही. डोळ्यांना थकवा असेल.

हल्ली दुपारी जरा डोळा लागला की एकच स्वप्न पडतं. मी हौदाच्या कडेला बसून कापड वर ओढतेय, ओढतेय, आणि ते संपतच नाही. रंग कोणता ते स्वप्नात कधी दिसत नाही. जाग आली की वाटतं, आत्ता दिसला असता.

वहिनी


१ एप्रिल, रविवार

टिटवे,

परवा काका निवृत्त झाले. मोठा समारंभ वगैरे नाही, तुला आपलं टेबल माहीतच आहे. चहा, एक हातरुमालांचा जोड आणि थोरल्या बाईंचं दोन वाक्यांचं भाषण, त्यातलं एक त्या विसरल्या. शेवटच्या तुकड्याला काका नेहमीसारखं 'हिरवा' म्हणाले, चष्मा पुसला, खिशात ठेवला. त्या क्षणी काय झालं कोणास ठाऊक, शिंपीणबाई रडायलाच लागल्या. एवढी कात्रीसारखी बाई, पण हुंदके देऊन रडली. काका म्हणाले, "अहो, मी घरी चाललोय, वर नाही."

जाताना दारात मला म्हणाले, "तुझी नणंद बरोबर बोलत होती, पण तिला घाई होती. लोकांना मत बदलायला वेळ द्यावा लागतो. आणि त्यांचं त्यांनाच बदललं असं वाटू द्यावं लागतं." मी म्हटलं, हो काका. मला तर तेव्हा फक्त त्यांच्या मफलरची वीण दिसत होती.

आता त्यांची जागा रिकामी झाली. ती फुटक्या काचेखालची. दोन हिवाळे झाले, ती काच कोणी बसवत नाही, आणि तिथे इतका गार वारा येतो की कोणालाच ती खुर्ची नको असते. मी घेतली. सगळ्यांना सांगितलं, मला हल्ली गरम होतं, वयच तसं आहे. जुळ्या बहिणी एकदमच म्हणाल्या, "आमची पण सुरुवात अशीच झाली." त्या दोघींची आयुष्यात एकही गोष्ट वेगवेगळ्या दिवशी सुरू झालेली नाही.

मला गरम वगैरे काही होत नाही. तुझा कोट घालून बसते तिथे.

दादा बरा आहे. हौदावर नवे कामगार आलेत, त्यांच्यावर खेकसून खेकसून घसा बसलाय. तुझा विषय घरात निघत नाही. काढला तर तो पेपर वाचायला घेतो, कालचा असला तरी.

वहिनी


१६ एप्रिल, सोमवार

टिटवे,

काय झालं ते आधी सांगते, नाहीतर झोप येईल आणि राहून जाईल. आज मी 'हिरवा' म्हटलं.

ऐक ना, सगळं नीट ऐक. काका गेल्यावर पहिला आठवडा नुसता सुखाचा गेला. सगळी कार्डं त्याच दिवशी सह्या होऊन बाहेर. थोरल्या बाई म्हणाल्या, "सुंठीवाचून खोकला गेला." पण टिटवे, रोज सकाळी एक गंमत व्हायची. थोरल्या बाई 'निळा' म्हणायच्या आणि मग सगळे थांबायचे. पुढचं माणूस बोलायचंच नाही. जणू कोणीतरी अजून यायचंय. थोरल्या बाई स्वतःच रिकाम्या जागेकडे बघायच्या. मग पहिली जुळी दचकून 'निळा' म्हणायची आणि गाडी पुढे जायची. गुरुवारी ती खोली इतकी शांत झाली की हौदावरच्या वाफेचा आवाज ऐकू आला. शिंपीणबाई म्हणाल्या, "चुकल्याचुकल्यासारखं वाटतंय गं." कोणी विचारलं नाही, काय चुकल्यासारखं.

आणि मी त्या वाऱ्यात बसलेली. आधी फक्त सोमवारी सकाळी दिसायचा तो हिरवा. मग मंगळवारीही दिसायला लागला. गेल्या आठवड्यात बुधवारी दुपारी जेवणानंतर पाहिलं, तरी हिरवा. आता माझा प्रत्येक वार सोमवार झालाय. घरी येताना रस्त्यात रंग इतके वेगवेगळे दिसतात की चालताना अडखळायला होतं. बसथांब्याचं छप्पर निळं आहे, आपल्या पाण्याच्या पिंपाचं झाकण हिरवं आहे, हे मला टेबलाशी बसल्यापासूनच्या नऊ वर्षांत ठाऊक नव्हतं. मला दोन्ही एकच वाटायची. तू एकदा म्हणालीस, झाकण आण, आणि मी तुझ्याशी भांडले की कुठलं, ते आठवतं?

मी धीट नाही. मुद्दाम ठरवूनही केलं नाही. सगळे बोलत बोलत माझ्याकडे आले आणि माझ्या तोंडात दुसरा शब्दच नव्हता. 'हिरवा' म्हटलं. सहीचं पेन थोरल्या बाईंच्या हातात तसंच राहिलं. मग थोरल्या बाई म्हणाल्या, "घरातली हवा लागली."

कार्ड थांबलं. मी उठले आणि सगळ्यांसाठी चहा ओतला, थोरल्या बाईंना आधी. थोडा बशीत सांडला.

घरी आले तर दादाला आधीच कळलेलं. म्हणाला, "आता तूसुद्धा?" बाकी काही नाही. पण न जेवता ताट बाजूला सरकवलं.

वहिनी


२० मे, रविवार

टिटवे,

तू लिहितेस, धीर सोडू नकोस. मला शिकव आता.

तीन आठवडे मी एकटी होते. भांडले नाही, काकांची शपथ घेतल्यासारखी. सहा निळे आणि एक हिरवा, रोज. पण टेबलावर जे बोलतात आणि जिन्यात जे बोलतात त्यात केवढा फरक असतो गं! मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं, कारण माझ्याकडे कोणी आलंच नव्हतं. आधी शिंपीणबाई आल्या, नळापाशी, बाटली भरायचं निमित्त काढून. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशा. "भिंतीकडे बघितलं की तुला गुलाबी दिसतं का गं?" मी म्हटलं, दिसतं. त्या म्हणाल्या, "मला पण. केव्हापासून विचारू नकोस," आणि बाटली न भरताच गेल्या. दुसऱ्या दिवशी टेबलावर मात्र निळाच. आठवडाभर निळाच. मग एका मंगळवारी इतक्या हळू 'हिरवा' म्हणाल्या की थोरल्या बाईंनी दोनदा विचारलं.

दोघींची सवय होते ना होते, तर खरा भूकंप झाला. पहिली जुळी म्हणाली निळा. दुसरी जुळी म्हणाली हिरवा. तू असायला हवी होतीस! त्या दोघींनी एकमेकींकडे असं पाहिलं, जसा आरशातल्या माणसानं आपल्याआधी हात हलवला. त्या दिवशी त्या घरी वेगवेगळ्या रस्त्यांनी गेल्या. दुसऱ्या दिवशी पहिलीनंही हिरवा म्हटलं, आणि मग धरणच फुटलं. शुक्रवारपर्यंत सातांत आम्ही पाच होतो. टिटवी देखील समुद्र आटविते म्हणतात, ते काही उगीच नाही.

खिडक्या उघडल्या. सगळ्या. स्पिरिटचे डबे बाहेर पडवीत गेले. पहिल्या दिवशी वाऱ्यानं कार्डं खोलीभर उडाली, आम्ही त्यांच्यामागे लहान मुलांसारखे धावलो. धूळ येते, खरं आहे. पुसतो.

कार्यालयानं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी बटणाएवढ्या रंगीत चकत्या टेबलावर ओतल्या आणि म्हणाल्या, एकापुढे एक रंगांनुसार ओळीत लावा. माझ्या दोन चुकल्या. जुळ्यांच्या चार चार, त्याच चार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोकळ्या हवेत बहुतेकांचे हळूहळू सुधारतील. शेवटी थोरल्या बाई बसल्या. केवढ्या ऐटीत लावल्या त्यांनी चकत्या, एकही हात मागे घेतला नाही. आम्ही बघत होतो. निळ्यात हिरवा, हिरव्यात निळा, मधेच एक राखाडी. सगळ्या लावून झाल्यावर वर बघून म्हणाल्या, "बरोबर ना?"

मग मीच म्हटलं, "बाई, तुम्हाला कशा दिसतात?"

"छान दिसतात," त्या म्हणाल्या. मग आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले. त्यांचे नाही सुधारणार. मी घरी येऊन खूप रडले. आपण जिंकलो असं तू लिहिशील, म्हणून आधीच सांगते, मला तसं वाटलं नाही.

तुझ्या आईच्या ट्रंकेतला तो तुकडा आता मूळ नमुना आहे. दादानंच नेऊन दिला. इस्त्री करून नेला.

वहिनी


१० जून, रविवार

टिटवे,

छोटंसं लिहिते. डोकं दुखतंय.

टेबलावर हल्ली जो तो म्हणतो, "मला तर आधीपासूनच वाटत होतं." जुळ्या म्हणतात, दोन वर्षांपूर्वीच त्यांच्या लक्षात आलं होतं. शेवटपर्यंत निळ्याला चिकटून राहिलेला तो कोपऱ्यातला माणूस सर्वांत मोठ्यानं सांगतो की असल्या रंगाला निळा म्हणणारे लोक होते तरी कोण. मी आधी थट्टा समजले. थट्टा नाही गं, खरंच तसं आठवतंय त्यांना. काका म्हणाले होते तसंच झालं, त्यांचं त्यांनाच बदललं. काकांचं नाव निघत नाही. तुझंही.

कार्यालयातून विचारणा आली, पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं? खोलीच्या दारावर नाव लावायचं आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "हिनंच ना? फुटक्या खिडकीखाली बसायची ती." कारकुनानं लिहून घेतलं. दादा त्या दिवशी माझ्यासाठी नवीन चप्पल घेऊन आला, लग्नाला बावीस वर्षं झाली, पहिल्यांदा न मागता.

मी मूग गिळून बसले. पाटी गुरुवारी लागणार आहे.

वहिनी


१४ जून, गुरुवार

टिटवे,

तुझं पत्र मंगळवारी आलं. तू येतेयस. वीस तारखेच्या गाडीनं निघणार, छापखान्यात सांगून टाकलंस. ते वाचून मी आधी तुझी खोली झाडली. मग पुढचं पान वाचलं.

तिथे तू लिहिलंस, "मी परत येतेय ते टेबलासाठी नाही, वहिनी. तुझ्यासाठी. त्या दिवशी सगळे उलटले तेव्हा त्या खोलीत निदान एक माणूस माझं होतं, एवढ्यावर मी हे सगळे महिने काढले."

मी ते पान घेऊन अंगणात बसले. किती वेळ बसले माहीत नाही. आभाळ निळं होतं, आता मला ते नीट दिसतं, आणि बघवत नव्हतं.

टिटवे, माझी पाळी आली तेव्हा पाच झाले नव्हते. चार झाले होते. थोरल्या बाई, दोघी जुळ्या आणि तो कोपऱ्यातला. काका, शिंपीणबाई आणि आणखी एक जण 'राहू दे' म्हणाले होते. मी तसंच म्हटलं असतं तर चार आणि चार, आणि तू राहिली असतीस. मी 'जाऊ दे' म्हटलं. तू बाहेर बाकावर बसली होतीस, पायात दोन वेगवेगळे मोजे घालून, सकाळी घाईत मीच काढून दिले होते. दाराच्या फटीतून मला दिसत होतीस.

का म्हटलं, ते सांगते, पण त्यानं काही हलकं होत नाही. दादाला वाटायचं, तुझं ऐकलं तर सगळ्या खेपा परत हौदात जातील. रोज जेवताना तुम्हा दोघांची तोंडं दोन दिशांना. मला घरात शांतता हवी होती. हे एक. दुसरं कोणाला सांगितलेलं नाही. जे तुला तीन दिवसांत दिसलं ते मला नऊ वर्षांत दिसलं नव्हतं, आणि याचा मला तुझा राग होता. आणि तिसरं सगळ्यांत वाईट. तो सोमवार होता. सकाळचा पहिला तुकडा मला हिरवा दिसला होता. मग मतं सुरू झाली.

आज सकाळी कारकून पाटी घेऊन आला. पितळी, छान अक्षरं. मी म्हटलं, थांबा. उभी राहिले आणि वरचं सगळं सांगितलं, मोज्यांसकट. आधी कोणाला काही समजेना. एक जुळी म्हणाली, "पण ती भांडखोर मुलगी तर वेगळंच काहीतरी म्हणायची ना?" काय म्हणायची, ते तिला आठवेना. मग थोरल्या बाईंनी वही मागवली. त्यांना अक्षरं दिसतात, फक्त रंग नाहीत. त्यांनी ऑक्टोबरचं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. पाच नावं. पहिलं त्यांचं स्वतःचं, तेही न अडखळता. शेवटचं माझं. तू रोज काय म्हणायचीस ते प्रत्येक कार्डाच्या मागे लिहिलेलं होतं, तेही वाचलं, तीनशेच्या वर कार्डं, दुपार झाली. कोणी जेवायला उठलं नाही. मधे एकदा पहिली जुळी म्हणाली, "म्हणजे आपण ऐकत होतो." कारकून पाटी परत घेऊन गेला.

दादानं संध्याकाळी सगळं ऐकलं. नवीन चप्पल दाराशी होती, ती उचलून कपाटात ठेवली. आता पाठ करून बसलाय. हे पत्र मात्र तोच टाकायला नेणार आहे, म्हणाला उद्या सकाळच्या पहिल्या टपालात जायला हवं, म्हणजे निघायच्या आधी तिला मिळेल.

म्हणून घाईनं लिहितेय. निघायच्या आधी वाच. त्या खोलीत तुझं माणूस होतं, काका होते, शिंपीणबाई होत्या. मी नव्हते. ज्या एका गोष्टीवर तू हे महिने काढलेस ती मी तुला स्टेशनवर खोटी दिली होती. आणि तुला खरं माहीत नसताना तू माझ्या गळ्यात पडावीस, हे मला सोसणार नाही.

यायचं की नाही ते आता तू ठरव. मी काहीच मागत नाही. वीस तारखेला स्टेशनवर येईन, गाडी पूर्ण रिकामी होईपर्यंत थांबेन, आणि मग घरी जाईन.

वहिनी